आगोटीच्या आधी विचारतोय: गावाचे फोटो, व्हिडिओ, हिशेब यांची दुसरी प्रत कुठे ठेवायची?

खाडीकाठचा
१८ मे, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे. कंटाळलात तर शेवटचा परिच्छेद तेवढा वाचा.

गेल्या महिन्यात धोपाव्याच्या जेटीवर दाभोळला जाणाऱ्या फेरीबोटीची वाट बघत उभा होतो. एका हातात हापूसची पेटी, दुसऱ्या हातात मोबाइल. पाय घसरला. पेटी वाचवली, मोबाइल खाडीत. ओहोटी होती म्हणून एका पोराने गुडघाभर चिखलात उतरून अर्ध्या तासाने काढून दिला. त्याला शंभर रुपये नि चार आंबे दिले. घरी आणून दोन दिवस तांदळाच्या डब्यात पुरला. तिसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्याने उघडला, तर आत न घासलेल्या समईला चढतो तसा हिरवा थर. बोर्ड गेलं म्हणाला. मी म्हटलं, मग मेमरीची चिप काढ आणि दुसऱ्यात बसव. तो हसला. "काका, हल्ली आतलं सगळं कुलूपबंद असतं, नि किल्ली त्या बोर्डापाशीच. बोर्ड जिवंत झालं तरच काय ते."

मी आमच्या वाडीच्या ग्रामविकास मंडळाचा अकरा वर्षं सचिव आहे. सचिव म्हणजे ज्याच्या मोबाइलात सगळं असतं तो. शिमग्याच्या पालखीचे व्हिडिओ, नमनाचे खेळ, मंडळाचा जमाखर्च, देवळाच्या छपराच्या वर्गणीच्या पावत्यांचे फोटो, आणि ६२ घरांची वंशावळ. ही वंशावळ मी म्हाताऱ्यांच्या पडवीत बसून, त्यांच्या विड्या-तंबाखूचा खर्च सोसून चार वर्षांत जमवलेली. नमनातली गण-गौळण जुन्या चालीवर म्हणणारे आमच्याकडे दोघेच उरले होते. त्यातला एक गेल्या दिवाळीत गेला. त्याचा आवाज माझ्या मोबाइलात होता.

घरचं म्हणाल तर आईच्या जात्यावरच्या ओव्या. माझी मुलगी शिकायला बाहेर. ती "आजी, एक ओवी पाठव" म्हणायची, नि आई व्हॉट्सॲपवरचं माइकचं चित्र बोटाने घट्ट दाबून धरून म्हणायची, बोट सुटेल या भीतीने श्वास रोखून. तेवीस ओव्या झाल्या होत्या. २०२४ च्या श्रावणात आई गेली. मुलीने मध्ये मोबाइल बदलला, तिच्याकडच्या तेव्हाच गेल्या. माझ्याकडे आहेत म्हणून आम्ही निर्धास्त.

आता माझा गाढवपणा. बॅकअप आहे असंच मी धरून चाललो होतो. नवा मोबाइल घेतला, जुन्याच नंबरचं सिम काढलं, गुगलच्या खात्यात शिरलो. फोटो धो धो उतरायला लागले. मी देवापुढे साखर ठेवली. ऑगस्ट २०२३ पाशी गाडी थांबली ती थांबलीच. फुकटची १५ जीबी जागा तेव्हाच भरलेली. सूचना रोज यायची, मी डास हाकलावा तशी बोटाने बाजूला सारायचो. व्हॉट्सॲपचा एक बॅकअप सापडला, २०२४ च्या सुरुवातीचा. त्यात निम्म्याशिम्म्या ओव्या नक्की असणार. पण तो उघडायला पासवर्ड मागतो. भाच्याने कधीतरी सुरक्षेसाठी म्हणून लावून दिला होता. तो म्हणतो, "मामा, तुम्हीच टाइप केलात, मी तोंड फिरवून उभा होतो." गुणी मुलगा.

शाळेच्या जुन्या खोलीत मंडळाचं लोखंडी कपाट आहे. त्यात १ टीबीची हार्ड डिस्क, २०१७ साली घेतलेली. २०२२ पर्यंतचं सगळं तीत ओतलं होतं. परवा लावली तर आतून टक्... टक्... टक्... आणि पडद्यावर काही नाही.

तर मंडळी, विचारायचं ते असं. या टकटक डिस्कचं काय करू? आणि यापुढे हे सगळं ठेवायचं कुठे? सगळं मिळून ४०० जीबीच्या आसपास होईल. वाडीत गेल्या वर्षी फायबरची केबल आली आहे, पण पावसाळ्यात लाईट चार चार दिवस नसते हे तुम्हाला सांगायला नको. मंडळ दहा हजारांपर्यंत खर्च मंजूर करील. आगोट तोंडावर आहे. तांदूळ, सुकी मासळी, लाकडं, सगळी बेगमी झाली. हीच तेवढी राहिली.

---

सड्यावरचा
१८ मे, रात्री ११:३५

काका, मी मूळचा देवगडकडचा, पुण्यात सर्व्हर सांभाळायच्या नोकरीत आहे. आधी तातडीचं: ती डिस्क परत लावू नका. "एकदाच बघतो" म्हणूनसुद्धा नको. आतली तबकडी फिरते, तिच्यावरून वाचणारं डोकं जागा चुकतं आणि परत परत प्रयत्न करतं, त्याचा तो आवाज. प्रत्येक वेळी तबकडीवर ओरखडा पडायची शक्यता वाढते. फ्रीजमध्ये ठेवा, आपटा, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. धूळविरहित खोलीत डिस्क उघडणारे लोक मुंबई-पुण्यात आहेत, पण ते काम दहा हजारांत बसणार नाही. म्हणून ते शेवटचं.

त्याआधी फुकटचं काम करा. तुमचा ग्रुप किती लोकांचा आहे? दीडशे? मग तुमच्या व्हिडिओंच्या प्रती दीडशे मोबाइलांत असू शकतात. व्हॉट्सॲपवाल्यांच्या सर्व्हरवर काही शोधू नका, संदेश पोचला की तिथून तो काढून टाकला जातो, न पोचलेला ३० दिवस राहतो. जे आहे ते माणसांच्या मोबाइलांत. चाकरमान्यांना सांगा की गॅलरीत शोधा आणि जे सापडेल ते फोटो म्हणून न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर व्हॉट्सॲप ते पुन्हा दाबून लहान करतं. ओव्यांसाठी आईंनी आणखी कोणाकोणाला पाठवल्या होत्या ते आठवा. आजी लोक एकाच नातीला पाठवून थांबत नाहीत.

त्या पासवर्डाचं: ज्या पद्धतीचा बॅकअप तुम्ही सांगताय त्याची किल्ली कंपनीकडेही नसते. म्हणून विनंतीअर्ज करून उपयोग नाही. शांतपणे भाच्याला शेजारी बसवून आठवा. त्या दिवशी कोणाचा वाढदिवस होता का, गाडीचा नंबर होता का, असं.

पुढच्यासाठी आमच्या धंद्यात ३-२-१ म्हणतात. मूळ धरून तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. एवढंच. पण त्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा: मोबाइलमधले फोटो आपोआप खात्यात दिसतात तो बॅकअप नव्हे, ती जोडणी. इकडे पुसलंत की तिकडेही पुसलं जातं. कचरापेटीत काही दिवस राहतं, मग गेलं. बॅकअप म्हणजे इकडे घोळ झाला तरी ज्याला त्याचा पत्ता लागत नाही अशी प्रत.

फायबरचं गणित: केबलवरून वर चढवायचा वेग १० एमबीपीएस मिळाला तरी ४०० जीबीला अखंड पावणेचार दिवस लागतील. लाईटसकट. जून-जुलैत सुरू करू नका.

---

वाशिष्ठीकाठची
१९ मे, सकाळी ७:०५

भाऊ, तुमची टकटक वाचून पोटात गोळा आला. माझा चिपळुणात बाजारपेठेत फोटो स्टुडिओ आहे, वडिलांपासूनचा.

आमच्याकडे बॅकअप होता, तोही शिस्तीत. एक डिस्क कामाची, दुसरी तिची नक्कल, दर शनिवारी. दोन्ही एकाच टेबलाच्या एकाच खणात. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी पहाटेच बाजारात शिरलं. आम्ही वरच्या मजल्यावर, स्टुडिओ खाली. जिन्याच्या पायऱ्या मोजत बसलो होतो, किती बुडाल्या ते. खणाचं कोणाला सुचलं नाही. पाणी उतरल्यावर खण उघडला तर आतमध्ये गाळाची वडी झालेली, बटाटेवड्याच्या सारणासारखी, आणि त्यात दोन्ही डिस्का. लाजिरवाणी गोष्ट म्हणजे २६ जुलै २००५ च्या पुरात वडिलांच्या निगेटिव्ह अशाच गेल्या होत्या. तेव्हा त्यांनी सांगितलं होतं, "महत्त्वाचं खाली ठेवू नये." आम्ही कॅमेरे वर नेले.

आमचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचं. तिथे २००५ ला पाणी शिरलं, २०२१ लाही शिरलं. जुनं पुस्तक भिजलं तर त्याची दुसरी प्रत कुठून आणणार? आपल्या फाइलींची काढता येते, फुकट येते, आणि तरी आपण ती त्याच खणात ठेवतो.

मला काय परत मिळालं ते सांगते. ज्या लग्नांचे पेनड्राइव्ह लोकांनी वेळेवर नेले होते, त्या लोकांनी ते आणून दिले. एक बाई शिरगावहून भर चिखलातून आल्या, पेनड्राइव्ह ब्लाऊजच्या पिशवीत. ज्यांनी "नेऊ सावकाश" म्हटलं होतं, त्यांची लग्नं आता फक्त त्यांच्या आठवणीत आहेत. दोन जोडप्यांशी अजून बोलणं नाही.

आपल्या हवेबद्दल, कारण हे पुण्याच्या लोकांना कळत नाही (सड्यावरचे, राग मानू नका). लोखंडी कपाट उपयोगाचं नाही. पावसाळ्यात त्याच्या आत बाहेरच्यापेक्षा जास्त दमट असतं, पत्र्याला आतून घाम येतो. लेन्सवर बुरशीची जाळी चढते, सीडीवर चढते, डिस्कच्या जोडणीच्या पिना काळ्या पडतात. मी जाड प्लॅस्टिकचा, रबरी कडेचा घट्ट डबा वापरते. आत ओल शोषणारं सिलिका जेल, रंग बदलणारं. निळ्याचं गुलाबी झालं की लोखंडी तव्यावर मंद आचेवर परतून परत निळं करायचं. (तो तवा पुन्हा पोळ्यांना वापरू नये, सासूबाईंचा हुकूम.) तांदूळ ओल शोषतात हा समज सोडा. त्यांची धूळ आणि पीठ आत जातं ते वेगळंच.

आणि वीज कडकडायला लागली की नुसतं बटण बंद करून चालत नाही, पिन भिंतीतून उपटायची. केबलची सुद्धा.

---

सड्यावरचा
१९ मे, सकाळी ९:२०

ताई, राग कसला. एकाच खणाची चूक मोठ्यांनीही केली आहे. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर जळून खाक झालं. ज्या ग्राहकांचा बॅकअप त्याच आवारात होता, त्यांचं मूळही गेलं नि बॅकअपही. 'क्लाउड' म्हणजे शेवटी कुठल्यातरी गावातली इमारतच.

---

वेंगुर्ल्याचो
१९ मे, दुपारी १:४८

पेनड्राइव्हार भरवसो ठेवू नकात. माझ्या मामान दशावताराच्या धा वर्सांच्या जत्रांचे व्हिडिओ एका पेनड्राइव्हार भरून कपाटात ठेवलेले. पाच वर्सां तसोच पडान रवलो. आता लावलो तर 'फॉरमॅट करूचो काय?' म्हणान इचारता. मामा म्हणता, तेका सांग, तुझो बापूस कर फॉरमॅट!

---

खाडीकाठचा
१९ मे, रात्री ९:३०

मामांना माझा नमस्कार सांगा.

डिस्क कपड्यात गुंडाळून ठेवली आहे, आता हात लावणार नाही. आज ग्रुपवर आवाहन टाकलं. पहिली तीन उत्तरं 'शुभ रात्री'ची फुलं. चौथं मात्र विरारहून, थोरल्या बहिणीचं. आई तिलाही ओव्या पाठवायची. किती आहेत ते जावई रविवारी बघून सांगणार.

एक शंका आहे. तीन प्रती करायच्या म्हणजे मला वाटत होतं तिन्ही एकमेकींना जोडून ठेवाव्यात, एकीत टाकलं की बाकीच्यांत आपोआप जाईल असं. भाचा तसं करून देतो म्हणतोय. करू का?

---

उरणकर
२० मे, सकाळी ६:१५

नको रे दादा. त्याचीच गोष्ट सांगतो, आमच्या उंबऱ्यातली आहे.

जून २०१७. आमच्या न्हावा-शेवा बंदरात मर्स्क या मोठ्या जहाज कंपनीच्या गटाचं एक टर्मिनल आहे. २७ तारखेला युक्रेनमधून सुटलेला नॉटपेट्या नावाचा व्हायरस जगभर पसरला. तिकडच्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो शिरला होता. मर्स्कचं सगळं जाळं बसलं आणि त्यात हे टर्मिनलही आलं. कुठला कंटेनर कुठे आहे हे सांगणारा संगणकच गप्प, मग कामं हाताने. बाहेर ट्रेलरच्या रांगा. मी त्या रांगेतल्या ड्रायव्हरांना चहा-वडापाव विकलाय म्हणून मला ती रांग पाठ आहे. बाकीचं मी नंतर वाचलं.

कोण आत येऊ शकतो, कोणाला काय अधिकार, याची नोंद ठेवणारे त्यांचे सर्व्हर जगभर दीडशेच्या आसपास होते. प्रत्येक जण बाकीच्यांशी जोडलेला. विचार असा की एक गेला तरी दुसऱ्यात सगळं आहेच. म्हणून त्यांचा वेगळा बॅकअप नव्हता. व्हायरस आला तो सगळ्यांतच एकदम. बाकी यंत्रांचे बॅकअप होते, पण किल्ल्यांचा जुडगाच नाही तर खोल्या असून काय?

वाचला फक्त एक. आफ्रिकेत, घानाच्या ऑफिसातला. का माहीत आहे? तिथली लाईट गेली होती! व्हायरस फिरत होता तेव्हा तो बंद पडलेला, जाळ्यातून तुटलेला. एवढी मोठी कंपनी उभी राहिली ती लाईट गेल्यामुळे. महावितरणला आपण उगाच शिव्या देतो.

पुढचं तर आणखी भारी. घानाचं इंटरनेट इतकं बारीक की ती माहिती इंग्लंडला पाठवायला कित्येक दिवस लागले असते. म्हणून माणूसच डिस्क घेऊन निघाला. तिकडच्या कोणाकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता, मग एकाने नायजेरियाच्या विमानतळापर्यंत नेली आणि तिथे दुसऱ्याच्या हातात दिली, तो लंडनला घेऊन गेला. त्यानंतर दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने घातले, असं त्यांच्या अध्यक्षांनीच पुढे दावोसला सांगितलं.

तर तुमच्याकडे घाना पाहिजे. एक तरी प्रत अशी जिची वायर कशातच नाही. कोकणात ती अडचण नसावी.

आणि ४०० जीबी चढवत कशाला बसता? गणपतीला मुंबईकर येतात ते रिकाम्या हाताने जातात का? नारळ नेतात, पोहे नेतात. डिस्क द्या बरोबर.

---

दापोलीची बाई
२० मे, सायंकाळी ५:५०

मी निवृत्त शिक्षिका, त्यामुळे थोडं रागावून लिहीन.

सचिवसाहेब, तुम्ही पावत्यांचे फोटो म्हणालात. मला ठाऊक आहे की गावच्या मंडळांकडे लोकांच्या आधारच्या, पासबुकांच्या, रेशनकार्डांच्या प्रतीही पडून असतात. निसर्ग वादळानंतर, ३ जून २०२० च्या, पंचनाम्यासाठी आमच्या वाडीत एकाच मुलाच्या मोबाइलवर सगळ्यांनी आपापली कागदपत्रं पाठवली होती. काम झालं, कागदपत्रं तिथेच राहिली. तीन प्रती करायच्या म्हणजे या कागदांच्याही तीन, आणि त्यातली एक रेल्वेच्या डब्यात! आधी पुसा, मग बॅकअप घ्या. आधार पुन्हा लागलं तर माणूस डिजिलॉकरमधून किंवा शेवटचे चारच आकडे दिसणारं उतरवून देईल. सातबारा पंधरा रुपयांत डिजिटल सहीचा मिळतो. सरकारकडे असलेल्याची बेगमी आपण कशाला करायची? आपण ओव्या जपा, त्या तहसीलदाराकडे नाहीत.

आणि वंशावळीत जिवंत माणसांच्या जन्मतारखा असतील, कोणाच्या दुसऱ्या लग्नाच्या, दत्तकाच्या नोंदी असतील. ती डिस्क पासवर्डाने बंद करा. तो पासवर्ड दोघांना माहीत हवा आणि त्यातला एक भाचा नसावा.

अजून एक. गुगलच्या खात्यात 'निष्क्रिय खाते' म्हणून एक सोय आहे. आपण तीन ते अठरा महिने फिरकलो नाही तर आपण नेमलेल्या माणसांना आपल्या खात्यातली माहिती मिळते. दहा जणांपर्यंत नेमता येतात. मी माझ्या मुलीला नेमलं आहे. दोन वर्षं कोणीच फिरकलं नाही तर कंपनी खातं पुसू शकते, हे २०२३ पासूनचं धोरण. तुमच्या आईंचं खातं असेल तर त्यात आजच शिरून या.

---

खाडीकाठचा
२७ सप्टेंबर, रात्री ८:४०

मंडळी, चार महिन्यांनी आलो. काय काय झालं ते सांगायला हवं, तुम्ही एवढं लिहिलंत.

बाईंचं ऐकून पहिल्यांदा पुसापुशी केली. माझ्या ईमेलमध्येच एकूण ४१ जणांची आधारकार्डं निघाली, दोघे तर आता हयात नाहीत. पुसताना चोरी करताना पकडल्यासारखं वाटलं. आईच्या खात्याचा पासवर्ड तिच्या पोथीत, हरिपाठाच्या पानांत, माझ्याच अक्षरात सापडला. खात्यात फोटो सगळे माझ्या मुलीचे.

वेगवेगळ्या कंपन्यांच्या १ टीबीच्या दोन डिस्का घेतल्या. एकीला लाल करदोटा बांधलाय, दुसरीला हिरवा. नावं लिहिली असती तर कोणी वाचली नसती, करदोटा वाचतात. आत जे आहे ते दोन्हींत सारखंच. एक माझ्याकडे माळ्यावर, ताईंनी सांगितला तशा डब्यात. मंडळाच्या बैठकीत सिलिका जेलचे १८० रुपये खर्चाला लावले तेव्हा खजिनदाराने विचारलं, "हे खायचं असतं काय?" हिशेब, वंशावळ आणि ओव्या एवढं मात्र वेगळं काढून पैसे भरून घेतलेल्या ऑनलाइन जागेतही ठेवलं आहे, कारण ते सगळं मिळून ३ जीबीसुद्धा नाही. चतुर्थीच्या आदल्या रात्री झोपताना चढवायला लावलं, उठेपर्यंत झालं होतं.

गावाच्या मोबाइलांतून जे निघालं त्याने मी चकित झालो. नालासोपाऱ्याच्या एका रिक्षावाल्याकडे २०१९ च्या पालखीचा पूर्ण व्हिडिओ, सहाणेवर पालखी नाचवताना, थरथरता पण अखंड. गेलेल्या गायकाची एक गौळण पनवेलच्या नातसुनेने रिंगटोन करून ठेवली होती, सव्वा मिनिटाची. बाकी त्याचं काही नाही मिळालं. ओव्या तेवीसपैकी सतरा आल्या, बहिणीकडून चौदा नि मावशीच्या मोबाइलातून तीन. पासवर्ड आठवला नाही. मी भाच्याला आता विचारत नाही, त्याला वाईट वाटतं.

गौरी जेवल्या त्या दिवशी परीक्षा घेतली. सड्यावरच्यांनी मला खाजगीत लिहिलं होतं की, "काका, उघडून पाहिल्याशिवाय बॅकअप म्हणू नका." म्हणून हिरवी डिस्क एका डोंबिवलीकर पोराच्या लॅपटॉपला लावली आणि सगळ्यांना म्हटलं, काहीही मागा. एकाने २०१८ चं नमन मागितलं, लागलं. एकीने तिच्या सासऱ्यांच्या बाराव्याचे फोटो मागितले, लागले, आणि माजघरात रडारड. मग एकाने २०१९ ची ती पालखी मागितली. नाव दिसतं, आकार शून्य. रात्री नक्कल चालू असताना मध्येच लाईट गेली होती, फाइलचं नुसतं टरफल उरलं होतं. लालमध्ये नीट होती म्हणून निभावलं. नंतर एकेका फोल्डरच्या फाइली आणि आकार दोन्हींत जुळवत बसलो, पहाटे तीनपर्यंत. आणखी दोन टरफलं निघाली. बायको म्हणाली, गौरी जागवायची असते, डिस्क नव्हे.

विसर्जनानंतर हिरवी डिस्क तुतारी एक्सप्रेसने गेली. मंडळाचे मुंबईचे अध्यक्ष डोंबिवलीला तिसऱ्या मजल्यावर राहतात, तिथे पाणी यायचं तर आधी सगळी डोंबिवली बुडावी लागेल. पिशवीत खाली नारळ, मध्ये कोकमाची पुडी, वर टॉवेलात डिस्क. चिपळूण स्टेशनवर मी तीनदा सांगितलं की नारळ वर येऊ देऊ नका. पोचल्याचा फोन आला तेव्हा पहिलं डिस्कचं सांगितलं, मग मुलं-बाळं. शिमग्याला हिरवी गावी येईल, त्या वर्षाची पालखी भरून घेईल आणि तिच्या जागी लाल जाईल. पासवर्ड एका पाकिटात, देवळाच्या दागिन्यांच्या पेटीत. ती पेटी उघडायला पुजारी आणि खजिनदार दोघांच्या किल्ल्या लागतात, आणि त्या दोघांचं आपसात पटत नाही. त्यामुळे चिंता नाही.

राहिली ती टकटक डिस्क. मुंबईतल्या एका ठिकाणी नुसती तपासून घेतली. चौतीस हजार म्हणाले, आणि निघेलच याची हमी नाही. २०१७ ते २०२२. आई त्या वर्षांत व्हिडिओत बोलायची, गायकही पूर्ण नमन करायचा. मंडळाच्या वार्षिक सभेत विषय क्रमांक सात म्हणून ठेवलाय. विषय सहा देवळाच्या छपराचा आहे आणि छपराला पैसे कमी पडताहेत. सभा दिवाळीनंतरच्या रविवारी.